बोटीनं की रस्त्यानं?

गेल्या डिसेंबरात आम्ही गिरनारला जाऊन आलो. घरची गाडी, चालवायला मुलगा, त्याच्या शेजारी हे, मागच्या बाकावर सासूबाई, सून आणि मी. सासूबाईंना ७९ वर्षं पूर्ण झालेली. नेमिनाथांच्या पायाशी एकदा डोकं टेकवायचं, हे त्या दहा वर्षांपासून म्हणत होत्या आणि आम्ही दहा वर्षांपासून "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होतो. शेवटी मुलानंच रजा टाकली.

बेळगावहून गिरनारची वाट तशी सोपी आहे, फक्त लांब आहे. आमच्या गावाशेजारून जाणारा ४८ नंबरचा महामार्ग तोच पुढं कोल्हापूर, पुणे, मुंबई, सुरत, बडोदा करत दिल्लीला जातो. एकदा त्याला लागलं की सुरतेपर्यंत डोकं चालवायचं काम नाही. ते सुरतेनंतर. कारण समोर खंबातचं आखात आडवं येतं. सौराष्ट्र पलीकडच्या काठावर. रस्त्यानं जायचं तर भरूच, बडोदा करत आखाताला भलामोठा वळसा. नाहीतर सुरतेजवळच्या हजिऱ्याहून गाडीसकट बोटीत चढायचं आणि भावनगरजवळ घोघ्याला उतरायचं. ८ नोव्हेंबर २०२० पासून ही बोट चालते. हजिरा ते घोघा रस्त्यानं ३७० किलोमीटर, पाण्यावरून ९०. दहा-बारा तासांचं काम चार तासांत.

आम्हा बेळगावकरांना बोट नवी नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या बोटीत गाडी घालायची, पाच-दहा मिनिटं खारा वारा खायचा, एवढं आम्ही कैक वेळा केलंय. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर गोव्याला जाऊन आलेला प्रत्येक जण त्या बोटींचीच गोष्ट सांगायचा. पण तिथं दुसरा इलाज नव्हता, म्हणून प्रश्नही नव्हता. दोन्ही वाटा उघड्या असल्या आणि कुठली घ्यायची ते आपल्या हातात असलं, की मग माणसाची खरी पंचाईत होते.

जाताना आम्ही रस्ता घेतला. मुख्य कारण सासूबाई. "एवढ्या पाण्यावरून कशाला? जमीन आहे की," एवढंच त्या म्हणाल्या. आपल्याकडं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, ते स्वतःच जीव. अप्काय. त्यात राहणारे जीव वेगळेच. सासूबाई घरात नळाला कापड बांधून पाणी गाळतात आणि गाळून राहिलेली जिवाणी मागच्या आडात सोडतात. समुद्रावरून चार तास यंत्र घुसळत जायचं हे त्यांना पटेना. आम्हालाही जुनागढला जायचं होतं, भावनगरला नाही, त्यामुळं रस्ताच बरा वाटला.

सुरतेत नणंदेकडं मुक्काम होता. सकाळी सातला निघायचं ठरलेलं, पण तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. गाडी हलायला साडेअकरा वाजले. इथंच गणित चुकलं.

सासूबाई सूर्यास्ताआधी दोन घटका जेवण उरकतात. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा हा नियम आहे. आजारपणातसुद्धा मोडलेला मी पाहिला नाही. गाडीत बसल्या बसल्या त्या खात नाहीत, हॉटेलात तर नाहीच. कुठं तरी स्वच्छ जागा, हातपाय धुवायला पाणी आणि बसायला पाट नसला तरी सतरंजी, एवढं लागतं. लिंबडीच्या पुढं एका धर्मशाळेत आमची सोय झाली होती. डबा बरोबर होता. डिसेंबरातला दिवस केवढासा! वासद, तारापूर करत बगोदरा ओलांडलं तेव्हा पावणेपाच झाले होते आणि ऊन पिवळं पडत चाललं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या कधीच बोलत नाहीत. खिडकीतून फक्त सूर्याकडं बघत होत्या.

मी पुढं वाकून मुलाला म्हटलं, "जरा दाब की रे. आज्जीचं जेवण चुकेल."

त्यानं दाबलं. काटा शंभराच्या वर गेलेला मला दिसला. आणि दहा मिनिटांत दुभाजकातल्या कण्हेरीतून एक कुत्रं रस्त्यावर आलं.

उजेड होता, म्हणजे दिसलं नाही असंही म्हणता येत नाही. सगळ्यांना दिसलं. मुलानं ब्रेकवर पाय ठेवला, पण पूर्ण दाबला नाही. मागं ट्रक होता, तो आरशात दिसत होता. गाडीच्या खालून एक आवाज आला. तसला आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून काय करू? सून ओरडली, "थांबव, थांबव!" पण थांबवायचं कुठं? परत फिरायचं कुठून? मध्ये दुभाजक, मागून गाड्यांची रांग. फिरायची जागा आली ती कित्येक किलोमीटर पुढं. तिथं मुलानं गाडी बाजूला घेतली, उतरला, पुढचा भाग बघितला आणि परत येऊन बसला. कुणीच "मागं जाऊ या" म्हटलं नाही. मीही नाही.

धर्मशाळेत आम्ही वेळेत पोचलो. डबा उघडला. सासूबाईंनी हात जोडले आणि पान बाजूला सरकवलं. म्हणाल्या, "आज नको."

आता बघा. रात्रीचं जेवायचं नाही, कारण अंधारात न दिसणारे बारीक जीव अन्नात पडतात, दिव्यावर येतात, आपल्या हातून मरतात. त्या बारीक जिवांसाठी पाळलेला नियम. तो पाळता यावा म्हणून आम्ही गाडी पळवली आणि पंचेंद्रिय जीव मारला. आणि जेवणही झालं नाहीच. रात्रभर मला झोप लागली नाही. लहानपणी पाठशाळेत शिकवलेले हिंसेचे चार प्रकार आठवत होते. ठरवून केलेली संकल्पी, स्वयंपाकपाण्यात होणारी आरंभी, पोटाच्या धंद्यात होणारी उद्योगी, आणि स्वतःला वाचवताना होणारी विरोधी. गृहस्थानं संकल्पी तरी सोडलीच पाहिजे, बाकीच्या जमतील तेवढ्या कमी कराव्या. ह्या चार खणांत ते कुत्रं कुठं ठेवायचं? मारायचं तर कुणाच्याच मनात नव्हतं.

पण मनात नव्हतं म्हणून सुटका आहे का? तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना नुसतं जीव जाण्यावर भर दिलेला नाही, प्रमादावर दिलाय. अमृतचंद्राचार्य तर त्याही पुढं जातात. जपून चालणाऱ्याच्या पायाखाली जीव आला तरी तो हिंसक नाही, आणि बेफिकीरपणे चालणाऱ्याच्या हातून कुणी मेलं नाही तरी तो हिंसकच. हे प्रवचनात ऐकताना मला नेहमी दिलासा वाटायचा. त्या रात्री पहिल्यांदा भीती वाटली. मुनिमहाराज चालताना पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. ताशी शंभरच्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. चार हात जमीन पापणी लवायच्या आत मागं पडते. तिथं जपून म्हणजे काय? त्या वेगात जपणं हे शब्दच खोटे आहेत. म्हणजे प्रमाद कुत्रं समोर आलं तेव्हा झाला नव्हता. तो दहा मिनिटं आधी झाला होता, काटा वर सरकला तेव्हा. आणि तो कुणी सरकवायला लावला ते मला ठाऊक होतं. कृत, कारित, अनुमोदित. करणारा, करवून घेणारी आणि गप्प बसणारे, तिघंही एकाच माळेतले. मुलगा बिचारा पहिल्या खणात सापडला होता. मी दुसऱ्यात होते आणि ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

गिरनारबद्दल इथं फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. सासूबाई डोलीत बसायला तयार झाल्या नाहीत. "माणसाच्या खांद्यावर बसून देवाला जायचं?" मग रोपवेनं वर गेल्या. तिथं उतरल्यावर एक डोलीवाला मुलाला म्हणाला, सगळे असंच म्हणायला लागले तर आम्ही खायचं काय? ह्यालाही आमच्याकडं उत्तर नव्हतं.

नेमिनाथांच्या मंदिरात मात्र मी फार वेळ उभी राहू शकले नाही. त्यांची गोष्ट आपल्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत असते. लग्नाची वरात निघालेली, राजुल वाट बघतेय, आणि वाटेत कुंपणात कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानावर पडतो. ते सारथ्याला विचारतात, हे कशासाठी? वऱ्हाडाच्या जेवणासाठी, असं सारथी सांगतो. आणि रथ वळतो. वळतो तो थेट ह्या डोंगराकडं. लहानपणी मला राजुलचंच वाईट वाटायचं, आणि अजूनही वाटतं. पण त्या दिवशी माझं मन सारथ्यापाशी अडकलं. विचारलं ते खरं उत्तर त्यानं दिलं आणि सांगितल्यावर रथ वळवला. माझ्या सारथ्याला मी काय सांगितलं होतं? जरा दाब की रे.

परतताना पालिताण्याला दोन दिवस राहायचं होतं. तिथून घोघा जवळ. तेव्हा बोटीचा प्रश्न परत आला, आणि ह्या वेळी तो मीच काढला. म्हटलं, बोटीनं जाऊ या. ह्यांनी वही काढली. ३७० किलोमीटर म्हणजे साधारण पंचवीस लिटर डिझेल वाचेल, त्यातून बोटीचं तिकीट वजा करायचं. ह्यांचं बँकेतलं आयुष्य असल्या वजाबाक्यांत गेलंय. मुलगा म्हणाला, "आज्जीला पाण्याचं वाटतं ना? पण बोट काय आपल्यासाठी निघत नाही. आपण नसलो तरी ती जाणारच. मग आपला दोष कसला?"

सून म्हणाली, "खाटकाचं दुकानही आपण नसलो तरी उघडंच असतं की."

मुलगा गप्प झाला. मला सुनेचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला, कारण मुलाचा मुद्दा मलाही सोयीचा होता. खरं सांगायचं तर मला बोट का हवी होती? पाण्यात जीव कमी मरतात म्हणून नव्हे. बोटीत ते दिसत नाहीत म्हणून. काचेवर आपटणारे किडे नाहीत, दुभाजकातून येणारं काही नाही, खालून येणारा आवाज नाही. आपण वर बाकावर बसायचं, चहा प्यायचा, यंत्र खाली कुठं तरी फिरत राहणार आणि ते फिरवणारा आपल्या घरातला नसणार. मी हे थोडं आडवळणानं सासूबाईंना बोलून दाखवलं. म्हटलं, निदान आपल्या हातानं तरी काही होणार नाही.

त्या म्हणाल्या, "दिसत नाही म्हणून नाही, असं असतं तर आपण बटाटा कशाला सोडला असता गं?"

मी काय बोलणार? कंदमुळातले अनंत जीव मी तरी कधी डोळ्यांनी बघितलेत? न दिसणाऱ्यावर दया करायची हाच आपला सगळा आचार. आणि मी मात्र न दिसण्यातच आडोसा शोधत होते.

मग रस्त्यानंच जायचं, असं मी धरून चालले. पण रात्री सासूबाईच म्हणाल्या, "बोटीनं जाऊ या." मला वाटलं, माझ्यासाठी म्हणतायत. म्हटलं, तुम्हाला नको असेल तर राहू दे. त्यावर त्या म्हणाल्या, "बाळाचे हात बघितलेस का? त्या दिवसापासून चाक असं आवळून धरतोय, जसं कुणी काढून घेणार आहे. झोपतही नाहीये. चार तास तरी त्याच्या हातात ते चाक नको."

मी आई. चार दिवस मी पापाचे खण लावत बसले होते. त्याच्या हातांकडं माझं लक्ष गेलं नव्हतं.

सासूबाईंनी मग आपल्या पद्धतीनं सगळं ठरवलं. साधूंनासुद्धा अडचणीच्या वेळी नाव वापरावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. श्वेतांबरांच्या आचारांगात साधूनं नावेत कसं चढावं, कसं वागावं ह्याचे नियमच दिलेत. आपल्याकडंही नदी ओलांडल्यावर कायोत्सर्ग सांगितलाय. "उतरल्यावर करू," म्हणाल्या. ह्यांनी मात्र एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. बोट गाठायची म्हणून पालिताण्याहून सकाळी धावत सुटलो तर बगोदऱ्यालाच परत जाऊन आल्यासारखं होईल. बोट माणसासाठी थांबत नाही. रस्त्याला निदान वेळापत्रक नसतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घाई टाळायची म्हणून बोट धरायची आणि बोट चुकू नये म्हणून घाई करायची! म्हणून आम्ही आदल्या दिवशी दुपारीच पालिताणा सोडलं, रमतगमत भावनगरला आलो, सासूबाईंचं जेवण दिवस चांगला वर असताना झालं आणि मुक्काम तिथंच केला. मुक्कामाचा खर्च धरल्यावर ह्यांची वजाबाकी उलटी झाली. त्यांनी वही मिटली.

घोघा हे एके काळचं मोठं बंदर. तिथं पार्श्वनाथांचं जुनं मंदिर आहे, नवखंडा म्हणतात. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी फार मोठी असते. पाणी कित्येक मीटर चढतं आणि उतरतं, रंग गढूळ, चहासारखा. ह्याच घोघ्याहून आधी समोर दहेजला बोट सुरू झाली होती, पण गाळानं तिचा मार्ग अडला. मग हजिऱ्याची आली. एवढं सगळं यंत्रबळ असूनही पाण्याची मर्जी सांभाळावीच लागते, हे पाहून मला बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही. ट्रक आत गेले, मग मोटारी गेल्या. मुलानं गाडी लावली, किल्ली खिशात टाकली आणि वर येऊन बाकावर बसला. बोट धक्क्यापासून सुटायच्या आत तो झोपला होता. मान एका बाजूला पडलेली, हात मांडीवर उघडे.

सासूबाई त्याच्या शेजारी बसून जप करत होत्या. सून कठड्यापाशी. डिझेलचा वास, खाली पाण्याचा पांढरा फेस लांबवर मागं जाताना दिसत होता. त्या फेसात काय काय घुसळलं जातंय ह्याचा विचार मी टाळला नाही. टाळून उपयोग नव्हता. लांबवर मासेमारीच्या होड्या होत्या. त्यांच्या जाळ्यांकडं बघत मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवायला लागले आणि मग मला माझंच हसू आलं.

मुलगा जागा झाला तेव्हा अर्धी वाट संपली होती. मी त्याला चहा आणून दिला आणि जे आठवडाभर जिभेवर होतं ते बोलून टाकलं. "त्या दिवशी मीच तुला दाब म्हटलं होतं."

"माहितीये," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"पाय माझा होता, आई."

एवढंच. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की अर्धा भार उतरेल. तसं झालं नाही. त्याचाही कमी झालेला दिसला नाही. पाप वाटून घेतलं की निम्मं होतं, हा व्यवहारातला हिशेब, तो तिथं चालत नाही. दोघांकडंही पुरंच्या पुरं राहतं. पण त्यानंतर तो माझ्याशी नीट बोलायला लागला, हेही खरं.

हजिरा जवळ आला तशी सगळ्यांना खाली गाड्यांपाशी पाठवलं. दार उघडायच्या आधीच लोकांनी इंजिनं सुरू केली. धूर कोंडला. जमिनीवर आल्यावर मुलानं गाडी कडेला उभी केली, सासूबाई उतरल्या आणि तिथंच, कंटेनर आणि ट्रकांच्या गर्दीत, डोळे मिटून उभ्या राहिल्या. नऊ वेळा णमोकार. आम्ही चौघंही त्यांच्या मागं उभे राहिलो. सून पहिल्यांदा स्वतःहून उभी राहिलेली मी पाहिली. बोटीतल्या जिवांसाठी, की बगोदऱ्याच्या पुढच्या त्या एकासाठी, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग उत्तर काय? पुढच्या वेळी बोटीनं जाणार की रस्त्यानं? बोटीनं मुलाला चार तास झोप दिली, म्हणून ती मला बरी वाटली. कुणी एकटा, ताजातवाना, आठवडाभराची सवड असलेला माणूस असेल आणि गाडी सत्तरच्या वर नेणार नसेल, तर त्याच्यासाठी रस्ताच बरा म्हणेन मी. निदान समोर काय येतंय ते त्याला दिसेल. पण सवड असलेला माणूस गाडीत बसतो कशाला, हाही प्रश्नच आहे. गाडी घेतली तेव्हाच आपण बरंचसं ठरवून टाकलेलं असतं, त्यानंतर नुसत्या वाटा निवडत बसायचं.

पुण्याला मुक्काम करून आम्ही शेवटच्या दिवशी सकाळी निघालो. साताऱ्यापासून पुढं रस्त्याचं काम, ठिकठिकाणी वळवलेली वाहतूक, कऱ्हाडला तासभर अडकलो. कोल्हापूर सोडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. निपाणी गेली. तवंदी घाटात स्तवनिधीच्या बाजूला आम्ही सगळ्यांनी हात जोडले. घर अजून तासाभराच्या वर होतं आणि सूर्य डाव्या-उजव्या डोंगरांच्या माथ्याला टेकायला निघाला होता. मी मागं बसून दात घट्ट मिटून घेतले होते, तोंडातून काही निसटू नये म्हणून. मुलगा एकदा घड्याळाकडं आणि एकदा आरशात आज्जीकडं बघत होता.

सासूबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मला आज भूकच नाही. सावकाश चल."

दुपारी कऱ्हाडला त्यांनी नुसतं एक केळं खाल्लं होतं. मुलानं गाडी डाव्या अंगाला घेतली. मागचे ट्रक एकामागून एक भोंगे वाजवत आम्हाला ओलांडून गेले.